खोप घालावी, खोप काढावी : पाळोळ्याच्या भाड्याच्या खोपींची गोष्ट

(मंडळाच्या गणेशोत्सवातील व्याख्यानाचे लिखित रूप)



या व्यासपीठावरून आपण आजवर संतांवर ऐकले, नाटकांवर ऐकले, लोकमान्यांवर तर दर दोन वर्षांनी ऐकतो. यंदा कार्यकारिणीने आम्हांला विषय विचारला तेव्हा आम्ही 'किनाऱ्यावरच्या भाड्याच्या खोपी' असे सांगितले आणि बैठकीत थोडा वेळ कोणी काही बोलले नाही. मग एका ज्येष्ठांनी विचारले, ''यात व्याख्यान देण्यासारखे काय आहे?'' प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर देण्याचा हा प्रयत्न.

आधीच सांगून ठेवतो. आमचे शिक्षण म्हणजे पणजीच्या तंत्रनिकेतनातली स्थापत्याची पदविका. नोकरी सरकारी, आणि काम बहुतेक मोजणीचे व नकाशांचे. त्यामुळे इतिहासकाराचा आव आणणार नाही. आणि बोलतो ते खात्याच्या वतीने नव्हे, या मंडळाचे सभासद म्हणून. आपल्यातल्या कितीतरी कुटुंबांचे भाट, निदान भाटातला हिस्सा, काणकोण, सासष्टी, बारदेश नाही तर पेडण्याच्या किनाऱ्याजवळ आहे. सुट्टीत गावी गेले की कोणी तरी दारात येऊन उभा राहतो, 'खोपी घालायला जागा देता का?' म्हणून विचारतो. हा माणूस का येतो आणि त्याला जागा का हवी असते, हे कळायचे तर थोडे मागे जावे लागते.

समुद्रकाठी भाड्याने राहणे ही गोष्ट परदेशी लोकांनी गोव्याला शिकवली, असा एक समज आहे. तो खरा नाही. पोर्तुगीज काळात मडगावची खातीपिती घरे उन्हाळ्यात बिऱ्हाड घेऊन कोलव्याला जात, म्हापसा-पणजीची कळंगुटला. याला शब्द होता 'मुदांसा', म्हणजे बदल, हवापालट. बैलगाडीत भांडी, गाद्या, तांदळाचे पोते, लोणच्याची बरणी चढे आणि काही आठवडे किनाऱ्यालगतच्या भाड्याच्या घरात मुक्काम होई. आपल्या हिंदू घरांत हाच प्रकार खाऱ्या पाण्याच्या न्हाणाच्या निमित्ताने होता. सांधे धरले, अंगावर खरूज उठली, की मे महिन्यात दर्यात न्हाऊन यायचे. घाटावरून, बेळगावकडूनही माणसे त्यासाठी खाली उतरत. ओळखीच्या घरी ओसरी मिळे, चूल मांडायला मागची पडवी मिळे. परतताना यजमानांच्या हातावर काही ठेवले जाई. त्याला भाडे म्हणायचे की मान, हे घराघरावर अवलंबून.

आणि खोप? ती तर मूळची रापणकारांची. रापणीची होडी, जाळी, दोरखंड ठेवायला वाळूच्या वरच्या अंगाला माडाच्या विणलेल्या झापांची खोप असे. झाप फार दिवस टिकत नाहीत. त्यामुळे खोप म्हणजे दरवर्षी नव्याने शाकारायची वस्तू, हे किनाऱ्यावर लहान मुलालाही ठाऊक होते. तिथे कायमचे घर कोणी बांधत नसे. घर माडांच्या मागे, वारा अडेल आणि विहिरीला गोडे पाणी लागेल अशा जागी. पुढच्या पट्ट्यात काम करायचे, राहायचे मागे. ही विभागणी लक्षात ठेवावी.

१९६१ नंतर, विशेषतः साठच्या दशकाच्या शेवटी, हिप्पी आले. कळंगुट, मग हणजुणे, वागातोर. त्यांच्या नग्नतेविषयी आणि नशेविषयी इतके लिहिले गेले आहे की त्यांनी भाडे दिले हे कोणाला आठवत नाही. हणजुण्याच्या घरांनी पुढच्या खोल्या त्यांना दिल्या आणि कुटुंबे मागच्या स्वयंपाकघराकडे सरकली. काही तर पूर्ण घर देऊन नातेवाइकांकडे राहिली. मोसम संपला की घर परत. रोख पैसा, आणि तोही पुष्कळदा घरातल्या बाईच्या हातात. कारण दूध, पाव, धुणे, पाणी हे सगळे तीच पुरवी. पुरुष बोटीवर किंवा आखातात. आमच्या मते गोव्याच्या पर्यटनाचा पाया त्या बायांनी घातला. त्यांचा फोटो मात्र कुठल्या माहितीपत्रकावर पाहिलेला नाही.

यात एक अडचण होती. किनाऱ्यावरच्या अनेक घरांत राहणारे मुंडकार होते. घर त्यांचे, पण जमीन भाटकाराची. १९७५ च्या मुंडकार कायद्याने त्यांना घरातून हुसकावण्यापासून संरक्षण मिळाले. पण संरक्षण मिळाले ते घराला आणि घराभोवतीच्या थोड्या जागेला. माडांचे भाट भाटकाराकडेच राहिले. पुढे भाटाला भाव आला तेव्हा हा फरक फार जाणवला.

मोठी हॉटेले वेगळ्या वाटेने आली. आग्वादच्या किल्ल्याजवळचे ताजचे हॉटेल १९७४ चे. १९८३ साली राष्ट्रकुल देशांचे प्रमुख दोन दिवस तिथे विसाव्याला आले आणि गोव्याचे नाव जगभर गेले. त्या कहाणीत आज शिरत नाही. आपल्याला हवी आहे ती त्याच सुमाराची एक चिठ्ठी. नोव्हेंबर १९८१ मध्ये पंतप्रधान इंदिरा गांधींनी किनारी राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना लिहिले की भरतीच्या पाण्यापासून ५०० मीटरपर्यंतचा किनारा बांधकामांपासून मोकळा ठेवावा. चिठ्ठीला कायद्याचे बळ नव्हते. ते दहा वर्षांनी मिळाले. १९ फेब्रुवारी १९९१ रोजी केंद्राची किनारी नियमन क्षेत्राची अधिसूचना निघाली. आपण तिला सीआरझेड म्हणतो.

इथे जरा आमच्या कामाकडे वळू द्या. या कायद्यात सगळे मोजमाप भरतीरेषेपासून होते. भरतीरेषा म्हणजे रोज पाणी येते ती नव्हे. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी जमिनीवर जिथवर चढते ती. गावठाणाबाहेरच्या ग्रामीण किनाऱ्यावर त्या रेषेपासून २०० मीटर आत नवे बांधकाम नाही. २०० ते ५०० मीटरमध्ये अटींवर. आता २०० मीटर कागदावर किरकोळ वाटतात. प्रत्यक्षात टेप लावून चालत गेलात तर वाळू संपते, माडांचे भाट संपते आणि अनेक ठिकाणी रस्ताही ओलांडून होतो. म्हणजे ज्या पट्ट्यात पूर्वजांनी घर बांधले नाही, जवळपास तोच पट्टा कायद्याने बंद केला. फरक इतकाच की पूर्वजांना तिथे राहायचेच नव्हते, आणि १९९१ नंतर साऱ्या जगाला नेमके तिथेच राहायचे होते.

आता पाळोळे. मडगावहून करमल घाट उतरून साधारण ४० किलोमीटर. दीड किलोमीटरच्या आसपासचा अर्धचंद्राकृती किनारा, उत्तरेला ओहोटीत चालत जाता येते असे काणकोणचे बेट, दक्षिणेला कोळंबचे खडक. ऐंशीच्या दशकापर्यंत इथे रापण, माडाचे पीक आणि थोडी शेती. कळंगुट-हणजुण्याला गर्दी झाली तेव्हा पाठीवर पिशवी टाकलेले प्रवासी दक्षिणेकडे सरकू लागले. गावात खोल्या थोड्या, आणि मागच्या घरांतून समुद्र दिसत नाही. पुढे भाट मोकळे, पण तिथे दगड-चिरा लावायला बंदी. मग नव्वदच्या दशकात माडांच्या मध्ये बांबूच्या खोपी उभ्या राहू लागल्या.

ही खोप आम्ही सुरुवातीच्या काळात नीट पाहिली आहे आणि शिकलेल्या माणसाच्या नजरेने सांगतो, रचना म्हणून ती उत्तम होती. पोफळीचे किंवा माडाचे खांब वाळूत खोल पुरायचे, त्यांवर जमिनीपासून दोन-तीन हात उंच लाकडी फळ्यांची तक्तपोशी, वर बांबूचा सांगाडा, भिंती आणि छप्पर झापांचे. सांधे बहुतेक काथ्याच्या दोरीने बांधलेले, खिळा क्वचितच. खाली जागा मोकळी, म्हणून वारा खालून जातो, ओल चढत नाही, उधाणाचे पाणी आले तरी फळीला लागत नाही. बांबू वाकतो, मोडत नाही. माडावरचा नारळ खाली पडू नये म्हणून झाडाला जाळी. आत एक खाट, मच्छरदाणी, एक दिवा. न्हाणीघर मागे, चार-सहा खोपींना मिळून एक. हे बांधायला अभियंता लागत नव्हता. जो सुतार चवथीला घरोघरी माटोळीचा चौकट टांगतो, मांडव घालतो, तोच चवथीनंतर खोपी घालायला येई. आपल्या लोकांना मांडव घालणे आणि उतरवणे शिकवावे लागत नाही.

म्हणजे वर्षाचे चक्र असे. चवथ झाली की सामान बाहेर काढायचे, ऑक्टोबरपर्यंत खोप उभी. नाताळ आणि नव्या वर्षाला भाडे सर्वांत जास्त, मार्चपासून उतरते. मे अखेर खोप उतरवायची. चांगले बांबू, फळ्या वेगळ्या करून मागे घराच्या मांगरात रचायच्या, कुजलेले झाप जाळायचे किंवा माडाच्या आळ्यात घालायचे. जूनमध्ये समुद्र वर येतो तेव्हा किनाऱ्यावर फक्त माड. पाऊस वाळू नेतो आणि परत आणून टाकतो.

२६ जानेवारी १९९८ रोजी कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर सुरू झाली. काणकोणला स्थानक झाले आणि मुंबईहून आलेला माणूस रात्रीच्या गाडीतून उतरून सकाळी खोपीत पोहोचू लागला. २००४ साली 'द बॉर्न सुप्रिमसी' या इंग्रजी चित्रपटात सुरुवातीलाच पाळोळे दिसले. त्यानंतर तर ते नकाशावर शोधावे लागले नाही. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकाला बंदी, म्हणून लोक कानाला हेडफोन लावून नाचू लागले. बाहेरून पाहिले तर शंभर माणसे गाण्यावाचून हातवारे करीत आहेत. आमच्या एका नातेवाईक काकूंनी ते पाहून गावात भुताटकी झाल्याचे सांगितले होते.

खोपी बदलल्या त्या याच काळात. पाहुण्याला खोलीतच न्हाणीघर हवे झाले. झापांच्या जागी प्लायवूड आले, मग काचेची दारे, मग वातानुकूलन. वातानुकूलन आले की फटी बुजवाव्या लागतात. न्हाणीघर आले की पाण्याचा नळ आणि मैल्याची वाट लागते. वजन वाढले की वाळूत पुरलेला खांब पुरत नाही, खाली सिमेंट ओतावे लागते. एक-एक पाऊल पाहिले तर प्रत्येकाला कारण आहे. चार पावलांनंतर मात्र जी वस्तू उभी राहते ती खोप नसते. मे महिन्यात छप्पर आणि भिंती काढतात, जोते आणि शोषखड्डा तसाच राहतो. पुढच्या वर्षी त्याच जोत्यावर पुन्हा.

शोषखड्ड्याविषयी थोडे, कारण इथे आमची पदविका कामाला येते. चिकणमातीत सांडपाणी हळू झिरपते. वाळूत ते झरझर खाली जाते आणि किनाऱ्यावर भूजल फार खोल नसते. भारतीय मानकांप्रमाणे अशी शोषणव्यवस्था पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून १८ मीटर तरी दूर हवी. एका भाटात पंधरा खोपी, प्रत्येकीला न्हाणीघर, आणि मागच्याच आवारात घराची विहीर. हे १८ मीटर कुठे बसवायचे? पाहुणा बाटलीतले पाणी पितो. विहिरीचे पाणी पितो तो घरमालक.

आणि वादळाचे म्हणाल तर २००९ च्या नोव्हेंबरात फयान आले, २०१७ च्या डिसेंबरात ओखीच्या वेळी पाणी चढून गोव्याच्या किनाऱ्यावर पुष्कळ शॅकना झळ बसली. बांबूची खोप पडली तर आठवड्याभरात उभी राहते. सिमेंटच्या जोत्याखालची वाळू मात्र लाट खणून नेते. जोते तिरके होते आणि शेजारच्या जमिनीचीही धूप वाढवते.

आता मुख्य मुद्दा. ६ जानेवारी २०११ रोजी सीआरझेडची नवी अधिसूचना आली. तिच्यात गोव्यासाठी वेगळी कलमे आहेत. खाजन जमिनींचे आहे, मासेमारी गावांचे आहे, आणि निव्वळ तात्पुरत्या, मोसमी, सप्टेंबर ते मे या महिन्यांत रूढीने घातल्या जाणाऱ्या बांधकामांचेही आहे. 'रूढीने' हा शब्द महत्त्वाचा. दिल्लीत बसून कोणी कृपा केली नाही. दरवर्षी घालणे आणि दरवर्षी काढणे ही इथल्या लोकांची सवय कायद्याने मान्य केली. एवढ्या आधारावर बंद पट्ट्यात खोप उभी राहू शकते. ज्या वर्षी ती उतरवली नाही, त्या वर्षी ती रूढी राहिली नाही, अनधिकृत बांधकाम झाली. काही मंडळी म्हणतात, दरवर्षी काढा-घालायचा खर्च फार, सरकारने खोपी कायम करून टाकाव्यात. खर्च होतो हे खरे. पण २०० मीटरच्या आत कायमचे बांधकाम चालू झाले तर तिथे बांबूची खोप घालणारा काणकोणकर टिकेल, की काँक्रीट ओतणारा हॉटेलवाला? आज तो हॉटेलवाला त्या पट्ट्यात येऊ शकत नाही, आणि तुमच्या चार खोपी तिथे आहेत. त्याला अडवणारे कलम आणि तुम्हांला दरवर्षी खोप काढायला लावणारे कलम ही एकाच नियमाची दोन टोके आहेत.

आता तो दारात येणारा माणूस. आमच्या परिचयातल्या एका कुटुंबाची हकीगत सांगतो, नावे घेत नाही. भाऊ तिघे, एक मुंबईला, एक आखातात, एक घरी. घरच्या भावाने भाट बाहेरच्या व्यावसायिकाला अकरा-अकरा महिन्यांच्या कराराने दिले. पैसे एकरकमी, कटकट नाही. व्यावसायिकाने दुसऱ्या वर्षी खांबांच्या जागी जोती घातली, तिसऱ्या वर्षी फरशा. मग तक्रार झाली आणि नोटीस आली. ती व्यावसायिकाला आली नाही. नोटीस जाते एक-चौदाच्या उताऱ्यावर ज्याचे नाव आहे त्याला, आणि तिथे होते आजोबांचे नाव, ज्यांना जाऊन वीस वर्षे झाली होती. व्यावसायिकाने वातानुकूलन यंत्रे, प्लायवूड, खाटा गाडीत भरल्या आणि निघून गेला. जोती फोडण्याचा, राडारोडा हलवण्याचा आणि सुनावणीला हजर राहण्याचा खर्च तिघा भावांच्या वाट्याला आला. त्यातून भावांत जे बोलणे झाले ते अजून मिटलेले नाही. त्यांच्याकडे चवथीला पूर्वी एकत्र गणपती असायचा.

ज्यांनी खोपी स्वतः चालवल्या त्यांचे सगळे सुरळीत चालले असेही नाही. मार्च २०२० मध्ये मोसम अर्ध्यावर असताना सगळे बंद झाले. रिकाम्या खोपी तशाच सोडून पाहुणे जे विमान मिळेल त्याने गेले. पण ज्याचे भाट स्वतःचे आणि खोप बांबूची, त्याने ती उतरवून मांगरात ठेवली आणि रापणीला गेला. ज्याने कर्ज काढून प्लायवूडची पंचवीस उभी केली होती त्याचे हप्ते थांबले नाहीत.

आगोंद आणि गालजीबागेचे वेगळे सांगितले पाहिजे. तिथे, तसेच उत्तरेत मोरजी आणि मांद्रे इथे, ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालायला येतात, तीही नेमकी खोपींच्या मोसमात. पिल्ले बाहेर पडली की उजेडाच्या दिशेने धावतात. समुद्रावरचा उजेड हाच त्यांचा वाटाड्या. मागे खोपीचे दिवे असले की ती उलट दिशेला जातात. २०११ च्या अधिसूचनेत हे चारही किनारे नावानिशी आहेत. तिथे भाट असणाऱ्यांनी पाळोळ्याचा हिशेब लावू नये.

आपल्यापैकी अनेकांचे पाहुणे मालवण-वेंगुर्ल्याकडचे. सिंधुदुर्ग १९९७ साली पर्यटन जिल्हा जाहीर झाला. तिथे घरातच पाहुणा ठेवण्याची निवास-न्याहारीची पद्धत रुजली. मालवणची आमची मावशी म्हणते, ''पाहुण्याक घरात घेतलो की तो घरचो नियम पाळता.'' आम्हांला वाटते मुदांसाच्या काळी गोव्यातही हेच होते. मागचे घर रिकामे पडलेले असताना पुढच्या वाळूवर पंचवीस खोल्या कशासाठी, हे भाट असलेल्या प्रत्येकाने एकदा घरात बसून बोलावे.

भाषणानंतर कागदांविषयी विचारणा होईल म्हणून आत्ताच सांगतो. पहिले काम एक-चौदाचा ताजा उतारा काढून त्यावर कोणाची नावे आहेत ते पाहणे. गेलेल्यांची असतील तर वारसांची नोंद करून घेणे. नंतर सर्वेक्षणाच्या नकाशावर भरतीरेषा कुठे येते आणि खोपी कुठे येतात ते दाखवणारा आराखडा. मग किनारी व्यवस्थापन प्राधिकरणाकडे अर्ज, पालिका किंवा पंचायतीचा दाखला, प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती आणि पर्यटन खात्याची नोंदणी. परवान्यावर खोपींची संख्या आणि उतरवायची तारीख लिहिलेली असते. तारीख बहुधा ३१ मे. उतरवल्यावर मोकळ्या जागेचे छायाचित्र काढून, त्यावर तारीख येईल असे, स्वतःजवळ ठेवावे. पुढच्या वर्षीच्या अर्जाला ते उपयोगी पडते. ज्यांना नकाशा वाचायला अडचण असेल त्यांनी आपला उतारा घेऊन यावे. उद्या आरतीनंतर आम्ही मागच्या खोलीत टेबल मांडून बसणार आहोत.

 गणपती बाप्पा मोरया.